अभिमान आणि जाब : मराठी देशभक्तिपर कवितेतील ‘आम्ही’

१. विषयप्रवेश

भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पैलतीरावर कारधा हे गाव वसले आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग येथेच नदी ओलांडतो. पावसाळ्यात वैनगंगेच्या पातळीची जी वार्ता वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते, ती बहुधा कारधा येथील मोजणीवर आधारलेली असते. याच नदीवर खाली पवनीजवळ गोसीखुर्द धरण उभे राहिले. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली व २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाच्या पाण्याचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत येतो. बुडीत क्षेत्रातील गावांना आपली शेते आणि देवळे सोडून पुनर्वसनाच्या वसाहतींत जावे लागले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुराने भंडारा आणि नदीकाठची गावे पाण्याखाली घातली, हेही अलीकडचेच आहे.

देशभक्तिपर कवितेच्या अभ्यासाला कारध्याचा काठ उपयोगी पडतो तो याच कारणाने. नदीला माता म्हणून वंदन करणारी कविता आणि त्याच नदीच्या पाण्यात गाव गमावलेला माणूस यांची गाठ येथे कल्पनेत घालावी लागत नाही. ‘राष्ट्रीय’ हे विशेषण येथे एकाच वेळी गौरवाचे आणि किमतीचेही आहे. अशा ठिकाणी उभ्या असलेल्या वाचकाने देशभक्तिपर कविता कशी वाचावी? तिच्यातील अभिमान खोटा मानावा, की समाजातील दुःखाचा उल्लेख उत्सवाच्या दिवशी अप्रस्तुत समजावा? हे दोन्ही पर्याय अपुरे आहेत आणि मराठी कवितेच्या परंपरेने तिसरा मार्ग वेळोवेळी दाखविला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभिमान व समाजचिंता यांच्या संबंधास ‘समतोल’ म्हणण्याचा प्रघात आहे. या शब्दातून दोन पारड्यांचे चित्र उभे राहते. चार कडवी गौरवाची आणि एक कडवे खंताचे, असे काहीसे प्रमाण त्यातून सूचित होते. प्रत्यक्षात चांगल्या कवितेत हा संबंध प्रमाणाचा नसून अधिकाराचा असतो. देश आपला आहे, म्हणूनच त्याला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो. अभिमान हा जाबाचा आधार ठरतो. हा आधार कवितेत कसा सिद्ध होतो, हे पाहण्यासाठी एका लहानशा भाषिक घटकाचा आश्रय घेता येईल.

२. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

प्रथम पुरुषाच्या अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आपण’मध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात. ‘आम्ही’मध्ये बोलणाऱ्याचा गट येतो, ऐकणारा त्याबाहेर राहतो. व्यवहारात आपण हा भेद सहज पाळतो. ‘आम्ही उद्या गावाला जाणार’ आणि ‘आपण उद्या गावाला जाऊ’ या दोन वाक्यांत ऐकणाऱ्याचे स्थान पालटते. अनेक भाषांत हा भेद सर्वनामाच्या पातळीवर व्यक्त होत नाही, मराठीत तो होतो. म्हणून मराठी देशभक्तिपर कविता वाचताना ‘आम्ही’ कोण आणि या ‘आम्ही’च्या बाहेर कोण, हा प्रश्न काव्यार्थाच्या मुळाशी नेणारा ठरतो.

समूहगीताला बहुधा ‘आम्ही’ सोयीचे वाटते. ध्रुपद, संबोधन आणि चालीचा ठेका यांमुळे गाणाऱ्यांचा एक देह तयार होतो आणि त्याला समोर कोणीतरी प्रतिपक्ष लागतो. उलट, सामाजिक दुःखाच्या चित्रणाला तपशील लागतो. एखादे मूल, एखादा मजूर, एखादे घर समोर उभे करावे लागते. समूहाच्या स्वरात असा तपशील सहसा विरून जातो. देशभक्तिपर कवितेपुढील खरी रचनात्मक अडचण ही आहे, आणि ती सोडविण्याचे निरनिराळे प्रयत्न पुढील कवींच्या रचनांत दिसतात.

३. स्वातंत्र्यपूर्व कविता : पारतंत्र्य आणि आत्मदोष

स्वातंत्र्यपूर्व काळातील ‘आम्ही’चा प्रतिपक्ष उघड आहे. तो परकीय राज्यकर्ता आहे. कवी विनायक (१८७२–१९०९) यांची ‘हतभागिनी’ पारतंत्र्यातील देशाला दुर्दैवी स्त्रीचे रूप देते. गतवैभव, वर्तमान अवनती आणि भावी उत्कर्षाची आशा ही त्रिपदी त्या काळातील राष्ट्रीय कवितेत वारंवार आढळते. स्वातंत्र्यशाहीर गोविंद (१८७४–१९२६) यांच्या रचनांत हाच आशय लढ्याच्या आवाहनाकडे वळतो. या त्रिपदीतील मधला टप्पा, म्हणजे अवनती, कवितेला आत्मपरीक्षणाची संधी देतो. अवनती का झाली, असे विचारताच फूट, आळस, रूढी, विषमता यांची नावे घ्यावी लागतात. तथापि पुष्कळदा ही नावे घेऊन कविता पुढे जाते. दोष सर्वांचा म्हणून तो कोणाचाच राहत नाही.

केशवसुतांचे (१८६६–१९०५) वेगळेपण येथे लक्षात येते. ‘एका भारतीयाचे उद्गार’ या आरंभीच्या कवितेत पारतंत्र्याची व्यथा आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ (१८८८) आणि ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ (१८८९) या कविता येतात. पाठ्यपुस्तके पहिली कविता राष्ट्रीय व पुढील दोन सामाजिक अशी वर्गवारी करतात. परंतु तीनही कवितांतील प्रश्न एकच आहे : माणसाचे माणूसपण हिरावून घेण्याचा अधिकार दुसऱ्याला कोणी दिला? पहिल्या कवितेत तो परक्या सत्तेला उद्देशून आहे. दुसऱ्या कवितेत विटाळाचा अर्थ न कळलेले मूल तो आईला विचारते आणि त्याचा रोख कवीच्या स्वतःच्या समाजाकडे वळतो. केशवसुतांनी येथे सामूहिक ‘आम्ही’ बाजूला ठेवून मुलाचा एकवचनी आवाज निवडला. तपशिलाची अडचण त्यांनी अशी सोडविली. राज्यकर्त्यांविरुद्ध वापरलेले नैतिक माप त्यांनी स्वकीयांनाही लावले, आणि याच समान मापामुळे त्यांच्या देशप्रीतीला विश्वासार्हता प्राप्त होते.

साने गुरुजींच्या (१८९९–१९५०) कवितेत हा संबंध आचरणाच्या पातळीवर येतो. ‘पत्री’ (१९३५) हा त्यांचा संग्रह इंग्रज सरकारने जप्त केला. त्यातील बलशाली भारताचे स्वप्न आजही शाळाशाळांतून गायिले जाते. परंतु ते स्वप्न पाहणारा कवी मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असताना, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला, हा संदर्भ गीताबरोबर क्वचितच सांगितला जातो. देशाचे बळ कशात आहे, याविषयी गुरुजींची कल्पना त्या उपोषणात स्पष्ट झाली आहे. ज्या देशात भक्ताला देवळाच्या दारातून परतावे लागते, तो देश त्यांच्या दृष्टीने बलवान नव्हता. गीताच्या शब्दांत ‘आपण’चा विस्तार सुचविला होता. उपोषणाने त्याची सीमा नेमकी कोठे अडली आहे, तेही दाखविले.

४. ग्रामगीता : देश म्हणजे गाव

वैनगंगेच्या परिसरातील वाचकाला या विषयातील सर्वांत जवळची रचना म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) ‘ग्रामगीता’. कारधा व भंडारा परिसरातील महाविद्यालये ज्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यालाही २००५ मध्ये महाराजांचेच नाव देण्यात आले. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या महाराजांनी खंजिरीच्या साथीने भजने गात विदर्भ पिंजून काढला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर व आष्टी येथे उठाव झाला आणि भंडारा जिल्ह्यातील तुमसर येथे गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. या वातावरणात महाराजांच्या भजनांचा लोकमानसावरील प्रभाव सरकारला धोकादायक वाटला. त्यांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर, १९५५ मध्ये, ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. एकेचाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ ग्रामदेवतेला अर्पण केलेला आहे. तुरुंगवास पत्करलेल्या राष्ट्रीय भजनकाराने स्वातंत्र्यानंतरचा आपला प्रमुख ग्रंथ गावावर लिहावा, ही निवड अर्थपूर्ण आहे. ग्रामस्वच्छता, आरोग्य, श्रम, गरिबी-श्रीमंती, स्त्रियांची उन्नती, दलितसेवा, सण-उत्सव, अंत्यसंस्कार असे विषय येथे ओवीत आले आहेत. अन्य राष्ट्रीय कवितेत देश आकाशातून पाहिलेला असतो. हिमालय, सागर, नद्या अशा मोठ्या खुणांनी त्याची आकृती रेखाटलेली असते. ग्रामगीतेत देश दिसतो तो गटार, विहीर, गोठा, शाळा आणि स्मशान यांतून. ओवी हा छंदही या कामी अनुरूप ठरला आहे. संथपणे सांगत जाणे, श्रोत्याने शंका विचारणे व वक्त्याने तिचे निरसन करणे ही ओवीग्रंथांची परंपरागत रचना तपशिलाला जागा देते. समूहगीताला जे साधत नाही, ते येथे साधते. त्याचबरोबर श्रोता समोर बसलेला असल्यामुळे बोलण्याचा स्वाभाविक पुरुष ‘आपण’ हा होतो. गावातील दोष दाखविणारा वक्ता स्वतः त्या दोषाबाहेर उभा राहत नाही.

ग्रामगीतेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. गाव हे एक कुटुंब आहे आणि सद्भावना जागी झाल्यास संघर्ष मिटेल, ही श्रद्धा ग्रंथाच्या पायाशी आहे. भंडारा जिल्ह्यातील गाव तेव्हा नुकतेच मालगुजारीतून बाहेर पडत होते. जमीन व तलाव यांवरील मालकीचे प्रश्न केवळ हृदयपरिवर्तनाने सुटणारे नव्हते. येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणाचे स्मरण अपरिहार्य आहे. गाव हे स्थानिक संकुचितपणाचे, अज्ञानाचे व जातीयतेचे स्थान आहे, अशी कठोर मांडणी त्यांनी त्या भाषणात केली होती. गावकुसाबाहेरून पाहणाऱ्याला गाव कुटुंबासारखे दिसणे शक्य नव्हते. सात वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन भूमिकांपैकी एकीने दुसरीला खोडून काढले, असे मानण्याचे कारण नाही. ग्रामगीतेचा ‘आपण’ हे एक निमंत्रण आहे. आंबेडकरांचे भाषण विचारते की हे निमंत्रण देणारा कोण आणि ते आजवर कोणाला दिले गेले नाही. अभ्यासकाने ही दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात.

५. विसंगतीचे जीवन आणि नवा ‘आम्ही’

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या प्रमुख भाषणात डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला की २६ जानेवारी १९५० पासून देश विसंगतीच्या जीवनात प्रवेश करील. राजकारणात समता असेल, सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील. भंडाऱ्याच्या वाचकाला या इशाऱ्याचा एक स्थानिक उत्तरभाग परिचित आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर भंडारा मतदारसंघातील राखीव जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. या निकालाची राजकीय कारणे स्वतंत्र आहेत. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की संविधानाच्या उद्देशिकेचा मराठी पाठ ज्या ‘आम्ही’ने सुरू होतो, त्या ‘आम्ही’च्या रचनाकारालाच या मातीत मतपेटीने बाहेर ठेवले होते.

स्वातंत्र्योत्तर मराठी कवितेत ‘आम्ही’चा प्रतिपक्ष बदलतो. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत कामगार स्वतःच्या श्रमाच्या बळावर देशावर हक्क सांगतो. १९७२ मध्ये स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होत असताना दलित पँथरची स्थापना झाली. ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. वामन निंबाळकर यांचा ‘गावकुसाबाहेरील कविता’ (१९७३), दया पवार यांचा ‘कोंडवाडा’ (१९७४) आणि यशवंत मनोहर यांचा ‘उत्थानगुंफा’ (१९७७) हे संग्रह पाठोपाठ आले. या कवितेतील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळतो आणि त्याला ‘तुम्ही’ म्हणून समोर उभा करतो. या संतापाला देशद्रोह म्हणणाऱ्या टीकाकारांनी एक गोष्ट दृष्टीआड केली. ज्याला देश आपला वाटत नाही, तो देशाकडे हिशेब मागत नाही. हिशेब मागणे हे वारसदाराचे लक्षण आहे. या दृष्टीने ‘गोलपिठा’ देशभक्तिपर कवितेच्या परंपरेबाहेर जात नाही. त्या परंपरेतील अनुत्तरित प्रश्न तो तिच्यापुढे पुन्हा ठेवतो. केशवसुतांच्या कवितेत आईला प्रश्न विचारणारे मूल येथे मोठे झाले आहे आणि आता ते आईला विचारीत नाही, असेही म्हणता येईल.

प्रस्थापित परंपरेच्या आतूनही हा प्रश्न विचारला गेला. ‘विशाखा’ (१९४२) मधून क्रांतीचा जयघोष करणाऱ्या कुसुमाग्रजांनी पुढे ‘अखेर कमाई’ लिहिली. तिच्यात थोर पुरुषांचे पुतळे मध्यरात्री एकत्र येतात आणि आपण केवळ एकेका जातीपुरते उरल्याची खंत व्यक्त करतात. गांधीजींच्या पुतळ्याची खंत त्याहून वेगळी, पाठीशी एकही जात नसल्याची आहे. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आलेल्या ‘स्वातंत्र्यदेवतेची विनवणी’ या कवितेत ते आणखी एक पाऊल पुढे जातात. एरवी कवी देवतेची आळवणी करतो. येथे देवताच नागरिकांची विनवणी करते. स्तोत्राची दिशा उलटविल्यामुळे अभिमानाचा विषय असलेली देवताच जाब विचारणारी होते, आणि उत्सव साजरा करणारा वाचक उत्तरदायी ठरतो. प्रतिपक्ष बाहेरचा नाही आणि शेजारचाही नाही. तो स्वतः वाचक आहे.

६. नदीचे नाव

राजा बढे (१९१२–१९७७) या नागपूरकर कवीचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत श्रीनिवास खळे यांच्या चालीत व शाहीर साबळे यांच्या आवाजात घराघरांत पोहोचले आणि २०२३ मध्ये राज्यगीत झाले. या गीतात नद्यांची नामावळी आहे. विदर्भाची वर्धा तीत ‘वरदा’ या नावाने येते, वैनगंगा मात्र येत नाही. गीतातील नामावळी ही भूगोलाची सूची नसते, त्यामुळे कवीला दोष देण्याचे प्रयोजन नाही. परंतु कारध्याच्या वर्गात हे गीत शिकविताना आपली नदी त्यात का नाही, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर तो प्रश्न बालिश समजू नये. गौरवाच्या प्रत्येक यादीला एक काठ असतो आणि त्या काठावर कोणीतरी उभे असते.

याच गीतात दारिद्र्याने पोळलेल्या, घामाने भिजलेल्या मराठी माणसाचे चित्रही येते. म्हणजे सामाजिक वास्तव येथे अनुपस्थित नाही. परंतु दारिद्र्य येथे सोशिकतेचे आणि त्यागाचे भूषण म्हणून येते. ते का आहे, हे गीत विचारीत नाही. समूहगीताकडून ती अपेक्षाही योग्य नव्हे. या उदाहरणातून एक उपयुक्त भेद हाती येतो. काही कवितांत दुःख अभिमानात जमा होते, काही कवितांत दुःख अभिमानाला प्रश्न विचारते. कवितेत सामाजिक समस्यांचा ‘उल्लेख आहे की नाही’ एवढे तपासून भागत नाही. त्या उल्लेखाचे कवितेतील कार्य कोणते, हे पाहावे लागते.

वैनगंगेला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्थान नाही, असे मात्र नाही. कारध्याच्या खाली, कन्हानच्या संगमावरील आंभोरा येथे मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ रचला, असे काही अभ्यासक मानतात. झाडीपट्टीत दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईत दंडार व खडीगंमत यांचे प्रयोग होतात. देवस्तुतीने आरंभ करून गावातील वागणुकीची थट्टा करण्याची मुभा त्यांत लोककलावंताला असते. वंदन आणि टीका एकाच रंगणात नांदू शकतात, हे येथील प्रेक्षकाला नव्याने शिकवावे लागत नाही.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्या अभ्यासक्रमांत व संपादित संग्रहांत ‘राष्ट्रीय कविता’ आणि ‘सामाजिक कविता’ असे दोन विभाग केले जातात. वर्गीकरण म्हणून ते सोयीचे असले तरी त्यामुळे वाचनाची हानी होते. पहिला विभाग १५ ऑगस्टला गाण्यासाठी आणि दुसरा परीक्षेसाठी, असा संकेत विद्यार्थी आपोआप शिकतो. केशवसुत, साने गुरुजी, तुकडोजी महाराज आणि कुसुमाग्रज यांच्यापैकी एकालाही या विभागणीत न्याय मिळत नाही. ढसाळांसारखा कवी तर पहिल्या विभागाच्या विचारातही येत नाही.

त्याऐवजी कोणतीही देशभक्तिपर कविता शिकविताना तीन प्रश्न विचारता येतील. कवितेतील प्रथम पुरुष कोणाला सामावतो आणि कोणाला वगळतो? देश कोणत्या उंचीवरून पाहिला आहे, पर्वत दिसतील इतक्या, की गावची विहीर दिसेल इतक्या? आणि कवितेतील दुःख अभिमानाची शोभा वाढविते, की अभिमानाकडून उत्तर मागते? या प्रश्नांनी कोणत्याही कवितेची प्रतिष्ठा कमी होत नाही. गौरवगीत गौरवगीत म्हणून अधिक नेमकेपणाने कळते आणि संतापाच्या कवितेमागील आपुलकी दिसू लागते.

सारांश, मराठी देशभक्तिपर कवितेचा प्रवास हा ‘आम्ही’च्या सीमेचा इतिहास आहे. परकीय सत्तेविरुद्ध उभा राहिलेला ‘आम्ही’ केशवसुतांच्या मुलाच्या प्रश्नाने आतून हलला. साने गुरुजींनी व तुकडोजी महाराजांनी त्याचे ‘आपण’मध्ये रूपांतर करण्याचा यत्न केला, आणि दलित कवितेने हे रूपांतर अपुरे राहिल्याची साक्ष दिली. कारध्याच्या काठावरील विस्थापित शेतकऱ्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा अभिमान वाटू शकतो. आपल्या मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा प्रश्नही तो त्याच तोंडाने विचारू शकतो. त्याच्या या दोन वाक्यांत विरोध नाही. ती दोन्ही एकाच माणसाची वाक्ये म्हणून ऐकू येतील असे वाचन वर्गात घडविणे, हे मराठीच्या अध्यापकाचे काम आहे.